पंचेचाळिशीची रेघ

महाप्याला आमच्या कंपनीत तीनशे माणसं होती आणि त्यातली दोनशे नव्वद एक जूनला जन्मलेली होती. उरलेल्या दहांपैकी दोघं साहेब होते आणि आठ जण खोटं बोलत होते. कामगारांच्या फाइली सांभाळणारी कारकून मीच, त्यामुळे या आकड्यावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. एक जूनला कॅन्टीनमध्ये एवढे पेढे फिरत की दुपारनंतर रंगाच्या टाकीतला रंगसुद्धा गोड लागे, असं मी सांगायची, आणि नवी भरती झालेली मंडळी खरंच बोट बुडवून बघायची.

त्या काळी खेड्यात जन्माची नोंद ठेवतो कोण? पोर शाळेत नेलं की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की वय भरलं. तारीख एक जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि मास्तरांना हिशेब सोपा पडे. मग तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, आणि नोकरीतून थेट निवृत्तीच्या पत्रावर.

अठ्ठावन्नावं वर्ष जवळ आलं की माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. जवळच्याच गावातले, कंपनीच्या भट्टीवर काम करणारे एक काका तर आठवडाभर रोज येत होते. "बाय, मी आजून दोन वरसं तरी ल्हान हाय. मास्तरानं माजा कान बगितला न् लिवून टाकलं."

"काका, कागद म्हणजे कागद," मी म्हणायची. "अंगानं तुम्ही विशीतले असाल, पण निवृत्त कागद होतो. तुम्ही नुसते त्याच्या मागून घरी जायचं."

काका हसायचे. मला वाटायचं, माझ्या विनोदाला हसताहेत.

माझीही तारीख एक जूनच. पण माझी गोष्ट वेगळी होती, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या कोकणातल्या गावी शाळेला जाताना ओढ्यावर साकव होता, दोन ओंडक्यांचा. आठ वर्षांच्या आतलं मूल शाळेत घ्यायला मास्तर घाबरायचे. वडील सांगत, पोर एवढी हुशार की मला धीर धरवेना. सहाची होती, ठोकून आठची केली. ही गोष्ट त्यांनी गावात इतक्यांदा सांगितली की शेवटी साकवावरची माकडंसुद्धा माझ्याकडे आदरानं बघायला लागली. तेव्हा कागदावर माझं जे काही वय असेल, त्यातून दोन वजा. हा माझा जन्मभराचा हिशेब. त्यावर मग प्रसंग बघून मी आणखी थोडं वजा करायची, पण ती माझी वैयक्तिक बाब झाली.

काका येत होते त्याच वर्षी कंपनीनं सगळ्यांना फोटोची ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. फोटोग्राफर आला, खुर्ची मांडली, आणि मला म्हणाला, "मॅडम, मान जरा सरळ."

"सरळच आहे."

"मग मंगळसूत्र तरी सरळ करा. एका बाजूला चढलंय."

मी सरळ केलं. ते परत चढलं. फोटो आला तेव्हा दिसलं, गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढा फुगवटा होता आणि मंगळसूत्राचे मणी त्याला वळसा घालून जात होते. मी सोसायटीत सांगितलं की आवंढे गिळून गिळून ते गोळा झालेत. बायका हसल्या. नवरा मात्र हसला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मला वाशीला एका सर्जनकडे नेलं.

सुई घालून तपासणी झाली, मग ऑपरेशन झालं. थायरॉइडची अख्खी ग्रंथी काढली, मानेतल्या काही गाठीही काढल्या. टाके निघाले तेव्हा गळ्याभोवती आडवी लाल रेघ होती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना मी सांगितलं, पारसिकच्या डोंगरात बिबट्यानं पंजा मारला. त्या पुढे दोन महिने कचरा टाकायला काठी घेऊन जात होत्या.

रिपोर्ट आला त्या दिवसाबद्दल मात्र मी आजवर कुणालाही काही वाढवून सांगितलेलं नाही.

सर्जन साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. म्हणाले, "कॅन्सर आहे. पण थायरॉइडच्या कॅन्सरांमधला बराच सरळमार्गी. मानेच्या गाठींमध्ये पोचलाय. छातीत, हाडांत काही दिसत नाही."

"स्टेज कुठली?" नवऱ्यानं विचारलं. त्या काळात कॅन्सरबद्दल आम्हाला एवढा एकच प्रश्न माहीत होता.

डॉक्टरांनी कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. रेघेवर लिहिलं, पंचेचाळीस.

"या कॅन्सरचं वेगळं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या कॅन्सरमध्ये आम्ही असं वय विचारत नाही. पेशंट रेघेच्या अलीकडे असेल, तर गाठी मानेत गेल्या असल्या तरी पहिली स्टेज. पलीकडे असेल, तर तीच गाठ, तोच गळा, पण स्टेज तिसरी."

"एका वाढदिवसानं?"

"एका वाढदिवसानं. मी शिकत होतो तेव्हा हे नव्हतं. गाठ केवढी, कुठवर गेली, एवढंच बघायचो. मग लक्षात आलं की तरुण पेशंटच्या मानेत गाठी भरलेल्या असल्या तरी ते छान जगतात, आणि वय झालेल्यांचा आजार जास्त हट्टी असतो. म्हणून वय मोजायला लागले. कुठल्या देशात एक हिशेब, कुठे दुसरा. हा आत्ता चालू असलेला. उद्या बदलेलही." मग त्यांनी फाइल उघडली. "तुमचं वय सेहेचाळीस लिहिलंय."

"दाखल्यावर आहे ते," मी म्हणाले. "खरी मी चव्वेचाळीसची आहे."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडे.

"डॉक्टर, खरंच," मी म्हणाले. "मास्तर, साकव, आठ वर्षं..." मी सगळी गोष्ट सांगितली. सांगता सांगता माझे हात सवयीनं हवेत फिरायला लागले, ओंडके हलायला लागले, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. बिबट्याची गोष्ट सांगताना होता, अगदी तोच.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, लग्नात तू चोवीसची होतीस. मुलगी झाली तेव्हाही चोवीसचीच होतीस. गेल्या हळदीकुंकवाला सदतीस. मी यातलं कुठलं धरू?"

"चव्वेचाळीस धरा ना!" मी रस्त्यातच ओरडले. "आयुष्यात एकदा खरं बोलतेय, तर तेवढं तरी धरा!"

त्यानं रिक्षाला हात केला. मग म्हणाला, "बरं, धरलं." पण रिक्षात बसल्यावर तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

मुलगी तेव्हा दहावीत होती. पहिली स्टेज असेल तर मी तिचं कॉलेज बघणार, लग्न बघणार, तिच्या सासूशी भांडणार. तिसरी असेल तर काय, ते मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते. मला औषध नको होतं, धीर नको होता, नुसती दोन वर्षं हवी होती, आणि तीही माझीच, वडिलांनी उगाच वाढवून ठेवलेली. रजा संपवून कामावर गेले तेव्हा भट्टीवाल्या काकांची फाइल टेबलावर होती, निवृत्तीच्या शिक्क्यासाठी. ती मी त्या दिवशी पुढे सरकवली नाही. दुसऱ्या दिवशी सरकवली. दुसरं करणार काय होते? पण त्यांना फोन करून घरी बोलावलं, चहा दिला, आणि त्यांच्या गावात ते कुठल्या साली जन्मले असतील त्याची सगळी गोष्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. पूर आला होता म्हणे, आणि मिठागर वाहून गेलं होतं.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत विचारलं, "तुमचं वय सांगू शकेल असं कुणी आहे?"

आई होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई खांदेश्वरला धाकट्या भावाकडे राहायची. तिथे तेव्हा इमारती चार आणि चिखल चाळीस होता. भाऊ तिला घेऊन आला. मी तिला आधी समजावून सांगितलं, "आई, माझं खरं वय सांगायचं. वय कमी असेल तर आजार लहान."

माझी आई म्हणजे खोटं न बोलणारी बाई. बाजारात कोळणीला स्वतःहून सांगायची की कालची मासळी चांगली होती, म्हणून आज जास्त पैसे घे. वडील आणि मी जेवढं फुगवायचो, तेवढं ती शांतपणे टाचणी लावून फोडायची. साकवाची गोष्ट वडील सांगत, तेव्हा मात्र ती उठून आत जायची. मला वाटायचं, शंभरदा ऐकून कंटाळली असेल.

डॉक्टरांनी खुर्ची दिली. "आजी, तुमची मुलगी केवढी?"

आईनं पदर सारखा केला. "चाळीस."

खोलीतला पंखा फिरत होता. माझा भाऊ शेजारी उभा होता. तो एकेचाळीसचा.

"चाळीस नक्की?" डॉक्टर म्हणाले.

"कदाचित एकोणचाळीस," आई म्हणाली. "भात कापणीत झाली."

या हिशेबानं माझा धाकटा भाऊ माझ्या दोन वर्षं आधी जन्मला होता. त्यानं तोंड उघडलं, आणि आईनं त्याच्या पायावर असा पाय दिला की तो तसाच उघड्या तोंडानं उभा राहिला. मी आयुष्यभर गोष्टी रचल्या, चांगल्या गोष्टीचा कणा कुठे असतो ते मला कळतं. या गोष्टीला कणाच नव्हता. आई आयुष्यात पहिल्यांदा थाप मारत होती, आणि इतकी वाईट मारत होती की मला रडू आलं.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, आजी." आणि फाइलीत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

आई आठवडाभर सानपाड्याला आमच्याकडेच राहिली. मला किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यायचा होता, आणि त्याआधी मीठ बंद, मासळी बंद, कारण दोन्हींत आयोडीन असतं. आईला आजारापेक्षा याचाच धक्का जास्त बसला होता. "मीठ नाय, म्हावरं नाय. मग माणसानं जगायचं कशावर गो?" असं म्हणत ती बाल्कनीत बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"आई, चाळीस का सांगितलंस?"

"तू म्हणालीस ना, कमी सांग."

"खरं सांग म्हणाले होते. चव्वेचाळीस सांगायचं होतं."

आई वाल सोलत राहिली. डाळिंब्या एका भांड्यात, सालं दुसऱ्यात.

"चव्वेचाळीस नाहीच आहेस तू," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दाखल्यावर आहे तेच खरं. मास्तरांनी काही वाढवलं नव्हतं. तू आठचीच होतीस."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. धाकटा झाला तेव्हा मी पाचची होते. आई शेतावर जायची, आणि बाळ सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून सहाची झाले तरी पुढची दोन वर्षं मला शाळेत घातलंच नाही. मी काखेत भाऊ घेऊन अंगणात हिंडायची. आठव्या वर्षी पहिलीत बसवलं, तेव्हा वर्गात माझ्या खांद्याला लागेल असं एक पोर नव्हतं. पहिल्याच दिवशी पोरांनी घोडी म्हणून चिडवलं. मी रडत घरी आले. तेव्हा वडिलांनी मला मांडीवर घेऊन साकवाची गोष्ट रचली. तू मोठी नाहीस, तू हुशार आहेस, म्हणून मी तुला मोठी लिहिली.

"मला आवडायचं नाय ते," आई म्हणाली. "पण तू हसलीस. मग दुसऱ्या दिवशी शाळेत गेलीस. मग मी काय बोलणार?"

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि वाल सोलायला लागले. बोटांना साल लागेना. चाळीस वर्षं मी गावाला, ऑफिसला, नवऱ्याला थापा मारल्या आणि स्वतःला सगळ्यांत शहाणी समजत होते. माझ्यावर मारलेली थाप मात्र मला कधी ओळखू आली नव्हती. इतकी ती चांगली होती. तिला कणा होता, साकव होता, मास्तर होते, आणि आत एक लहान मुलगी होती जिला उद्या शाळेत जायचं होतं.

मग सावकाश दुसरी गोष्ट लक्षात आली. म्हणजे मी रेघेच्या पलीकडे होते.

हे फक्त आईला आणि मला, दोघींनाच माहीत होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. नवऱ्यानं धरलेलं चव्वेचाळीस त्यानं तसंच धरून ठेवलं असतं, आणि मीही पहिलीत बसले असते. दोन दिवस मी तसा विचार केला. पण आयोडीन किती द्यायचं हे डॉक्टर ठरवणार होते, आणि आपल्या थापेवर त्यांनी माप ठरवावं हे मला जमेना. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमधून वाशीला उतरले आणि एकटीच दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, सेहेचाळीस."

त्यांनी फाइल माझ्यासमोर फिरवली. शाईनं लिहिलं होतं, स्टेज तीन. बाजूला पेन्सिलीनं, बारीक, एक, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

"औषध मी शाईवरच ठरवलं होतं," ते म्हणाले. "पेन्सिल तुमच्या आईंसाठी होती. खोडू?"

"मी खोडते," मी म्हणाले. खोडरबर घेतला आणि ऑफिसात असल्यासारखा तो एकचा आकडा स्वच्छ खोडला. कागदावरची खाडाखोड नीट करायची असते, हे मी तिथे बसून डॉक्टरांना सांगितल्याचं आठवतं. मग विचारलं, "मी किती दिवस..."

"हा आकडा पुष्कळ माणसं एकत्र मोजायला उपयोगी असतो," ते म्हणाले. "एका माणसाला तो काही सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी या. मग परत सहा महिन्यांनी या. असंच सांगता येतं."

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मला शिशाच्या भिंतींच्या खोलीत ठेवलं. एक माणूस लांब चिमट्यानं गोळी घेऊन आला, भांड्यात ठेवली आणि पळाला. जेवण दाराशी ठेवून जायचे. आई दारापर्यंत येऊन उभी राहायची, आत यायची परवानगी नव्हती. ती तिथूनच विचारायची, "अळणी जेवलीस का?" मी घरी आल्यावर सोसायटीत सांगितलं की आठवडाभर आमच्या घरी विजेचं बिल आलं नाही, मी बसेन त्या खोलीत उजेड. वहिनींनी खरंच एकदा बटण बंद करून बघितलं.

सहा महिन्यांनी गेले. मग परत सहा महिन्यांनी. मग वर्षानं. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. मुलगी दहावी झाली, बारावी झाली, तिच्या लग्नात मी तिच्या सासूशी भांडले, आणि जिंकले. पण पहिली दहा वर्षं मी तिसरीतल्या बाईसारखी जगले, हे आता मान्य करते. मुलीला वेळेआधी स्वयंपाक शिकवला. तिच्या लग्नाच्या दिवशी उघडायचं म्हणून पत्र लिहून कपाटात ठेवलं. कुठल्याही नव्या साडीची घडी मोडायला वेळ लावला नाही. दर एक जूनला मनात एक वर्ष जास्त मिळालं म्हणून मोजत असे. वयातून वजा करणं मात्र मी बंद केलं. त्यात मजा उरली नव्हती.

वीसएक वर्षांनी ते सर्जन निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बाई. तिनं माझी जुनी फाइल कॉम्प्युटरवर चढवताना हात थांबवला.

"काकू, तुम्हाला स्टेज तीन लिहिलंय."

"हो. सेहेचाळीसची होते ना. पंचेचाळीसच्या पलीकडे."

"ती रेघ आता बदललीय. पंचावन्न झालीय. आजच्या नियमानं तुम्ही त्या वेळी पहिलीत बसला असतात."

मी तिला परत सांगायला लावलं. तिनं सांगितलं की पंचेचाळीस ते पंचावन्नमधल्या पेशंटना इतकी वर्षं पाहिल्यावर लक्षात आलं, त्यातले बहुतेक तरुणांइतकेच चांगले जगतात. रेघ चुकीच्या जागी होती असं नाही, म्हणाली, तेव्हा तेवढंच माहीत होतं. मला राग आला. कुणावर, ते कळेना. ज्या बायका माझ्यासारख्या त्या दहा वर्षांच्या मधे होत्या, ज्यांनी मुलींसाठी पत्रं लिहून कपाटात ठेवली, त्या सगळ्या एकदम आठवल्यासारख्या झाल्या. मी एकीलाही ओळखत नव्हते.

तिथून मी घरी न जाता खांदेश्वरला भावाकडे गेले. आई नव्वदीच्या जवळ आली होती, अंदाजे. तिची तर शाळाही नव्हती, त्यामुळे एक जूनसुद्धा नव्हता. ऐकू कमी यायचं. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "आई, पहिलीच होती! रेघ बदलली! पहिलीच स्टेज होती!"

"काय?"

"पहिली! डॉक्टर म्हणाली!"

आईनं पदर सारखा केला. "मग मी काय सांगत होते?" ती म्हणाली. "त्या डॉक्टरानं ऐकलं नाही."

भाऊ दाराशी उभा राहून हसायला लागला. आईनं माझा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं, जसं बाजारात काकडी बघते तसं.

"आता केवढी झालीस गो?"

"सदुसष्ट."

"छे," आई म्हणाली. "एवढी कुठली. साठ असशील."

"साठ," मी म्हणाले, आणि तिनं मान हलवली, समाधानानं.